कमळमधला ‘ळ’

दुरेघी वहीच्या पानाला आरपार भोक पडलं होतं. ‘कमळ’मधला ‘ळ’ जिथे यायला हवा होता, नेमकं तिथेच. काढला, खोडला, पुन्हा काढला, पुन्हा खोडला, आणि पाचव्या की सहाव्या वेळी खोडरबराखाली कागदच उरला नाही. खालच्या पानावर पेन्सिलच्या दाबाचे चरे उमटले होते, बोट फिरवलं तर हाताला लागावेत इतके खोल. नातू वहीकडे बघतही नव्हता. डाव्या हातानं उजवा पंजा चोळत बसला होता. "आजी, हात दुखून राहिला माझा," एवढंच म्हणाला.

वय साडेपाच. अजून सात ओळी बाकी होत्या.

त्याच दिवशी सकाळी शाळेत सोडताना त्यानं मला एका कासवाची गोष्ट सांगितली होती. नागपूरच्या फुटाळा तलावात राहणाऱ्या त्या कासवाला मेट्रोनं बर्डीला जायचं होतं. पण स्टेशनवरच्या तपासणीच्या यंत्रात त्याचं पाठीवरचं घर अडकलं आणि मागे माणसांची ही मोठी रांग लागली. शेवटी कासव ‘नाइलाजानं’ पायी निघालं, आणि पोचेपर्यंत बर्डीचा बाजार उठला. ‘नाइलाजानं’ हा शब्द त्याचाच, माझा नाही. सकाळी एवढं सगळं ज्याच्या तोंडून आलं, त्याच्या हातून दुपारी तीन अक्षरं उतरत नव्हती.

आणि मी त्याला म्हणाले, "आळस करू नकोस. लिही."

मी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आहे. वडीलही शिक्षक होते. बोरू कसा तासायचा, कसा धरायचा, ते त्यांनी मला मांडीवर पाटी ठेवून शिकवलं. संध्याकाळी एका कोपऱ्यात आई वाती वळायची आणि दुसऱ्या कोपऱ्यात वडील माझ्या अक्षराला वळण लावायचे. पुढे शाळेत रोजचा सुविचार माझ्याच हातून फळ्यावर उतरायचा, आणि बक्षीस समारंभाच्या आदल्या दिवशी प्रमाणपत्रांचा गठ्ठा माझ्याच टेबलावर यायचा. अक्षर मोत्यासारखं असावं असं मला आजही वाटतं. माझा त्यावर जीव आहे. म्हणूनच त्या दुपारी माझ्या तोंडून निघालेला ‘आळस’ मला पुढे कितीतरी दिवस झोपू देईना. तो शब्द मी वर्गात किती मुलांना वापरला असेल, याची मोजदाद नाही.

त्यातला एक मुलगा मला स्वच्छ आठवतो. तिसरीत होता. तीसपर्यंतचे पाढे तोंडपाठ, कविता चालीवर म्हणायचा, प्रश्न विचारला की सगळ्यांच्या आधी हात वर. वही मात्र कुत्र्याचे पाय मांजराला आणि मांजराचे कुत्र्याला. मी त्याला एकेक धडा दहादा लिहायला लावला. दहाव्या वेळचं अक्षर पहिल्याहून वाईट असायचं, आणि ते बघून मला आणखी राग यायचा. हात थकला की अक्षर बिघडणारच, ही साधी गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात आली नाही. हळूहळू त्यानं हात वर करणं सोडलं. चौथीनंतर तो कुठे गेला ते मला माहीत नाही.

लेकीनं मुलासाठी शाळा निवडली ती माँटेसरी म्हणून, म्हणजे जिथे मूल वस्तू हाताळत शिकतं अशी. ती मिहानच्या उद्योगनगरीत नोकरीला आहे. दोघं नवराबायको चार शाळा बघून आली, आणि या शाळेतली ती लाकडी कपाटं, गुलाबी मनोरा, दांडे, चटया बघून तिचं मन भरलं. शाळा वाईट नाही. शिक्षिका मायाळू आहेत, कुणी कुणावर हात उचलत नाही, मुलं रडत जात नाहीत. पण सीनियरच्या वर्गापर्यंत आलं की कपाटं मागे पडतात आणि वह्या पुढे येतात. मराठीला दुरेघी, इंग्रजीला चौरेघी, गणिताला चौकटीची. पहिलीच्या प्रवेशाची घाई सगळ्यांनाच. तीन वह्या, रोजचं एकेक पान.

या तीन वह्यांवर जरा थांबायला हवं, कारण मोठ्यांच्या ध्यानात न येणारी एक गोष्ट त्यांच्यात आहे. आपली बाळबोध अक्षरं वरच्या रेघेला लोंबतात. शिरोरेघ हा त्यांचा दोर, त्यावर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी ती खाली सुटतात. रोमन अक्षरं उलट खालच्या रेघेवर पाय रोवून उभी असतात. म्हणजे सकाळच्या तासाला वरून लटकवायचं आणि दुपारच्या तासाला खाली उभं करायचं. ‘क’ काढताना हात डावीकडे पोट काढतो, दांड्याकडे येतो, मग उजवीकडे कोपर काढतो. ‘ळ’ला तर वरून थोडं खाली उतरून एक गाठ इकडे, एक गाठ तिकडे, आणि दोन्ही गाठी एका मापाच्या हव्यात. ज्याची बोटं मनासारखी वळतात त्या मुलाला हे खेळासारखं जमतं. ज्याची वळत नाहीत, त्याचा सगळा जीव त्या गाठीत अडकतो आणि आपण कुठला शब्द लिहीत होतो तेच तो विसरतो.

शाळेत बोलावणं आलं तेव्हा मीच गेले, लेकीला रजा नव्हती. शिक्षिका म्हणाल्या, "समजतं सगळं त्याला, आजी. विचारलं की पटापट सांगतो. पण लिहायचं म्हटलं की पाणी प्यायला जातो, शू लागते, पेन्सिल पडते. कंटाळा करतो." माझाच शब्द जरा मऊ होऊन माझ्यासमोर आला होता. मी विचारलं, "ती धातूची चौकट ठेवून आकार गिरवायचे असतात ना, ते करतो का?" म्हणाल्या, "नाही, त्याला हातच लावत नाही."

मुलगा ज्याला हात लावत नाही, तिथेच त्याला काहीतरी सांगायचं असतं. हे मला शिकवण्याच्या काळात कळायला हवं होतं.

धंतोलीतल्या एका ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजच्या कामांसाठी हातापायांच्या हालचाली सुधारून देणाऱ्या बाईंकडे, आम्ही गेलो. मला वाटलं होतं, बाई पेन्सिल धरायला शिकवतील. त्यांनी पेन्सिल काढलीच नाही. नातवाला पोटावर झोपवून हातांवर जोर देऊन मान वर करायला लावलं; पाय मागून धरून त्याला हातांवर चालवलं, ढकलगाडीसारखं. चार पावलांत तो कोसळला. मग शर्टाची बटणं लावायला सांगितली, चिमट्यानं मणी उचलायला सांगितले, भिंतीवरच्या कागदावर फुली काढायला सांगितली. सगळं बघून म्हणाल्या, "काकू, बोटांच्या आधी मनगट, मनगटाच्या आधी कोपर, त्याच्या आधी खांदा. याचा खांदाच अजून स्थिर नाही. म्हणून तो सगळा जोर पेन्सिलच्या टोकावर काढतो. हात दुखतो म्हणतो ना? खरंच दुखतो."

खरंच दुखतो. मी लेकीला फोन करून हे दोनच शब्द सांगितले आणि पुढे काही बोलता आलं नाही.

मनगटात आठ छोटी हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा त्यातलं एकही हाड झालेलं नसतं, सगळी कूर्चा. ती एकेक करून वर्षावर्षानं टणक होत जातात. पाचव्या-सहाव्या वर्षी काही अजून व्हायचीच असतात, आणि सगळ्यात शेवटचं तर नऊ-बारा वर्षांच्या सुमारास तयार होतं. त्यामुळेच हाताचा एक्स-रे बघून डॉक्टर मुलाच्या हाडांचं वय सांगू शकतात. मुलं साधारण तिसऱ्या वर्षी गोल काढतात, चौथ्याच्या आसपास फुली, त्यानंतर चौकोन, पाचव्याला त्रिकोण. तिरकी रेघ उशिरा येते, आणि आपल्या अक्षरांत तिरक्या आणि वळत्या रेघा किती! हे झालं सगळ्याच मुलांचं. पण काही मुलांचा मेंदू आणि हात यांचा मेळ जुळायला याहून पुष्कळ जास्त वेळ आणि मदत लागते. हालचालींच्या या अडचणीला वैद्यकात नाव आहे, आणि शाळकरी वयाच्या शंभर मुलांमागे पाच-सहा मुलांत ती सापडते. चाळीसच्या वर्गात दोन. माझ्या एकतीस वर्गांचा हिशेब मी केला आणि कागद घडी करून ठेवून दिला. थेरपिस्टबाईंनी मात्र आमच्या मुलाला ते नाव लावलं नाही. "इतक्या लहानपणी शिक्का नको, काम सुरू करू," म्हणाल्या.

त्यानंतर मी ही पद्धत घडवणाऱ्या इटलीच्या डॉक्टर मारिया माँटेसरी, त्या माँटेसरीबाईंविषयी वाचायला घेतलं. इतकी वर्षं शिक्षिका असून मला त्यांच्याबद्दल ठोकळे आणि चटया यापलीकडे फारसं माहीत नव्हतं. जे सापडलं त्यानं मी हलले. रोमच्या सान लोरेंझो वस्तीतलं त्यांचं पहिलं बालगृह ६ जानेवारी १९०७चं. पण त्यांची पद्धत जन्मली त्याच्या आधी, ज्या मुलांना लोकांनी मतिमंद म्हणून बाजूला टाकलं होतं त्यांच्यात. त्यातल्या एका मुलीची हकीकत त्यांनी लिहून ठेवली आहे. तिला काही केल्या शिवण जमेना. बाईंनी तिच्या हातातली सुई काढून घेतली आणि कागदाच्या पट्ट्या वर-खाली घालून विणायचं काम दिलं. ते हातात बसल्यावर पुन्हा सुई दिली, आणि ती मुलगी रफू करू लागली. करायची गोष्ट सारखी-सारखी करायला लावण्यापेक्षा त्या गोष्टीसाठी हात आधी तयार करावा, हे त्यांना तिथे दिसलं.

म्हणजे ज्या हातांनी ऐकलं नाही, त्या हातांनीच ही सगळी पद्धत घडवली आहे. कपाटात खाचांत बसवायचे लाकडी दंडगोल असतात, त्यांच्या माथ्यावर जी बारीक मूठ असते ना, ती तीन बोटांच्या चिमटीतच येते. पेन्सिल धरायची तीच चिमूट. खरकागदाच्या अक्षरांवरून दोन बोटं फिरवायची, हातात काही न धरता. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सुटी अक्षरं. शब्द मनात जुळवणं हे एक काम आणि हातानं अक्षर काढणं हे दुसरं, ही दोन कामं त्यांनी वेगळी केली. ज्याचा हात तयार नाही तो मूलही सुटी अक्षरं मांडून लिहू शकतं, वाक्य करू शकतं. त्याच्या शब्दांना हातासाठी खोळंबावं लागत नाही.

त्यांच्या बालगृहात डिसेंबरच्या एका उन्हाच्या दिवशी गच्चीवर पाच वर्षांच्या मुलानं खडूनं धुराड्याचं चित्र काढलं, आणि एकाएकी आपल्याला लिहिता येतं हे त्याला कळलं. आनंदानं ओरडत त्यानं जमिनीवर पहिला शब्द लिहिला, ‘मानो’. इटालियनमध्ये मानो म्हणजे हात.

मग आपल्याकडे तीच कपाटं असलेल्या वर्गात मुलाच्या हाताखाली तीन वह्या का? कपाट मांडलं, पण ज्या मुलासाठी ते बनलं होतं त्यालाच आपण कपाटापासून उठवून वहीपाशी बसवलं. आणि कपाट नुसतं मांडून ठेवणंही पुरत नाही, हेही सांगायला हवं. ‘मूल स्वतःहून वळेल’ म्हणून वाट बघत बसलं, तर आमच्यासारखा मुलगा धातूच्या चौकटींना वर्षभर हात लावणार नाही, कारण तिथेच त्याला दुखतं. त्याच्यासाठी आणखी एक पायरी खाली उतरून सुरुवात करावी लागते.

ती पायरी मला स्वयंपाकघरात सापडली. बालशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षण सुरू केलं तेव्हा महागड्या परदेशी साहित्याच्या जागी बिया, शंख-शिंपले, पानं-फुलं आणली होती. मी डबे उघडले. मालत्या, नखुल्या, गव्हले. आमच्या आईच्या वेळी लग्नघरी बायका बसून करायच्या ती कामं. कणकेचा कण दोन बोटांच्या टोकांत घेऊन वळायचा, नखानं दाबायचा. नातवाच्या पहिल्या नखुल्या चपट्या गोळ्या झाल्या. त्यानंतर वाती. कापूस तळहातावर घेऊन वळायचा, आधी जाड, पुढे बारीक. थंडीत तुरीच्या ओल्या शेंगा आल्यावर रोज संध्याकाळी वाटीभर सोले काढायचं काम त्याच्याकडे. आणि संत्री! नागपुरी संत्र्याची साल गराला धरून नसते, सैल असते, म्हणून लहान बोटांनाही ती देठापाशी धरता येते. तरी पहिल्यांदा त्यानं अख्खा पंजा आत घातला आणि रस कोपरापर्यंत आला. मी पुसलं. दुसरं दिलं.

थेरपिस्टबाईंनी सांगितलेलं बाकीचंही चालू होतं. गेटाला लोंबकळणं, ओली चादर पिळणं. बसताना पाय हवेत लोंबू द्यायचे नाहीत म्हणून त्याच्या पायांखाली देवघरातला जुना पाट आला. लांब पेन्सिल काढून टाकली आणि खडूचे बोटाच्या पेराएवढे तुकडे दिले. एवढा तुकडा मुठीत धरून लिहिता येत नाही, चिमटीतच धरावा लागतो.

सुटी अक्षरं मी स्वतः केली. जुन्या लग्नपत्रिका जपून ठेवायची मला सवय आहे, पुठ्ठा चांगला असतो. त्यांवर मी माझ्या बोरूच्या वळणानं एकेक अक्षर काढलं, कापलं, आणि संत्रा बर्फीच्या रिकाम्या डब्यांत लावलं. काना सगळ्यात आधी संपला. मराठीत किती काने लागतात हे मला त्या आठवड्यात कळलं. आपली भाषा याला फार सोयीची आहे. इटालियनसारखीच, जे ऐकू येतं जवळजवळ तेच लिहायचं. फक्त पहिल्या वेलांटीशी आमचं भांडण झालं. ऐकू येते अक्षरानंतर, आणि ठेवायची मात्र अक्षराच्या आधी. तो तिला नंतर ठेवायचा. मी काही बोलले नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, तो गल्लीतल्या मुलांबरोबर लाकडी बैल घेऊन मिरवून आला. बेगड, फुगे, गळ्यात घुंगरू, घरोघरी मिळालेल्या खाऊची पिशवी. रात्री जेवणं झाल्यावर आतल्या खोलीत चटईवर डबे पालथे झाल्याचा आवाज आला. बराच वेळ शांतता. मग तो आबांना हाताला धरून घेऊन आला. चटईवर दोन ओळी मांडल्या होत्या. ओळी तिरप्या गेल्या होत्या, एक ‘ब’ उलटा होता, वेलांट्या नेहमीसारख्या अक्षरांच्या मागे.

बैलाचे शिंग हलते
आबा खिळा ठोका

आबा काही न बोलता उठले, जिन्याखालच्या पेटीतून हातोडी आणली आणि खिळा ठोकला. तो बघत उभा होता. आपण लिहिलं आणि त्याप्रमाणे झालं. वहीतल्या दहा वेळा लिहिलेल्या कमळानं कधी कुणी उठून काही आणलं नव्हतं. मी चटईपाशी वाकून पाहिलं तर ‘खिळा’मध्ये ‘ळ’ होता, नीट, सरळ, माझ्या हातानं कापलेला आणि त्याच्या हातानं शोधलेला.

मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून मी शाळेत गेले. शिक्षिका फोटो बघत राहिल्या. "मला हे आवडतं, आजी. पण पालक वही बघतात. चटईवर काय मांडलं ते घरी कसं दाखवू? वही कोरी गेली की फोन येतात." त्यांचं खोटं नव्हतं. वहीचं पान हा आम्हा मोठ्यांना हवा असलेला पुरावा असतो, आणि तो पुरावा पाच वर्षांच्या बोटांकडून वसूल केला जातो. २०२०च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे, म्हणजे घाई नको असं कागदावर आहे. दिव्यांगांच्या २०१६च्या कायद्यात अध्ययन अक्षमताही आहे. मोठेपणी परीक्षेला लेखनिक मिळतो, जादा वेळ मिळतो. पण साडेपाच वर्षांच्या मुलाकडे कुठलं प्रमाणपत्र असणार? त्याला सवलत देणारं कार्यालय एकच, त्याच्या वर्गातल्या बाई.

आमच्या बाईंनी दिली. रोज दहा शब्दांऐवजी तीन. बाकीचे चटईवर, त्याचा फोटो मोबाइलवर घरी. गोष्ट सांगायची असेल तर तो सांगेल, त्या लिहून घेतील. वहीखाली एक जाड फाइल तिरपी ठेवायची. सहामाहीच्या प्रगतिपत्रकात ‘हस्ताक्षर’ या शब्दापुढे ‘सुधारणा आवश्यक’ असं आलंच. रकाने छापून आलेले असतात. लेकीनं सही केली. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "बाप्पा, काहून एवढा विचार करता? आमचाही असाच होता, चार फटके दिले, आला सरळ." मी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांच्या मुलाचा हात दुखत होता का, ते आता कोण सांगणार.

हस्ताक्षर मी सोडून दिलेलं नाही. त्याचं अक्षर चांगलं व्हावं असं मला अजून वाटतं, आणि होईलही बहुधा. त्याच्या वेळेनं होईल. तोवर कासवाच्या गोष्टी मी माझ्या अक्षरात लिहून घेते. वही चौथी चालू आहे. तो शेजारी बसून बोटानं ओळ धरतो आणि मी घाईत एखादी वेलांटी विसरले तर लगेच पकडतो.

आता एप्रिल आहे. पारा चढत चाललाय, कूलर लागला आहे. संध्याकाळी गच्ची तापलेलीच असते, पण भिंतीच्या सावलीला बसता येतं. तो बादलीत रंगाऱ्याचा जुना ब्रश बुडवतो आणि भिंतीवर पाण्यानं लिहितो, खांद्यापासून हात उचलून, मोठी-मोठी अक्षरं. चुकलं तर खोडायला लागत नाही. दोन ओळी होईपर्यंत पहिली वाळून जाते. काल त्यानं ‘ळ’ काढला, स्वतःच्या उंचीचा. दोन्ही गाठी. मला हाक मारली. मी ओच्यातले सोललेले लसूण सावरत उठून जाईपर्यंत डावी गाठ वाळलीसुद्धा होती आणि उजवी कडेनं वाळत होती. "थांब आजी," म्हणाला, आणि ब्रश पुन्हा बादलीत घातला.